दोन खाचा आणि एक नकार

जुलै 1996 मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेस’ या अमेरिकी नियतकालिकात पाच पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक चार: मार्क व्हान राय, यान पीटर अब्राहम्स, अँड्र्यू लेस्ली आणि जॉन वॉकर. काम केंब्रिजच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतलं. गाईगुरांच्या हृदयातून काढलेलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आणि त्याला जाऊन चिकटणारं ऑरोव्हर्टिन बी हे बुरशीचं विष, एवढाच त्याचा विषय. विष विकरावर नेमकं कुठे बसतं आणि तिथे बसल्याने काय अडतं, हे त्यात सांगितलं आहे.

शोधनिबंध रसग्रहणाला घेण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. कविता घेतो, कथा घेतो, क्वचित एखादं चित्र घेतो. विज्ञानाचा निबंध आपण माहितीसाठी चाळतो आणि निष्कर्ष काढून घेऊन बाजूला ठेवतो. हा निबंध मात्र निष्कर्षापुरता वाचून संपत नाही. काय आधी सांगायचं, काय मागे ठेवायचं, कुठे थांबायचं, याचं त्यातलं भान चांगल्या कथाकाराला शोभेल असं आहे. आणि त्याचं सगळ्यात वजनदार वाक्य एका अभावाबद्दल आहे: विष जिथे बसत नाही त्या जागेबद्दल. या वाक्यापर्यंत पोचण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी.

पेशीत जे काही घडतं, मग ते स्नायूचं आकुंचन असो, मज्जातंतूतून जाणारा संदेश असो की नव्या प्रथिनाची घडण, त्याचा बहुतेक खर्च एटीपी या रेणूत चुकता होतो. शरीरात एका वेळी एटीपीचा साठा अगदी थोडा असतो. पण दिवसभरात तो इतक्यांदा तुटतो आणि पुन्हा बनतो की एकूण उलाढाल माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास जाते. यातला बहुतांश एटीपी तंतुकणिकांमध्ये बनतो आणि तो बनवणाऱ्या विकराचं नाव एटीपी सिंथेज. याचा एक भाग तंतुकणिकेच्या पटलात रुतलेला असतो, त्यातून प्रोटॉन वाहतात. दुसरा भाग, एफ-वन, पटलाबाहेर गाठीसारखा डोकावतो. एडीपी आणि फॉस्फेट जोडून एटीपी तयार होतो तो इथे.

एफ-वन हा भाग सुमारे 80 अँगस्ट्रॉम उंच आणि 100 अँगस्ट्रॉम रुंद. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. त्यात तीन अल्फा आणि तीन बीटा उपघटक संत्र्याच्या फोडींसारखे आलटून पालटून बसलेले असतात आणि मधून गॅमा नावाचा एक वाकडा दांडा गेलेला असतो. एटीपीचं खरं काम तिन्ही बीटांत, शेजारच्या अल्फाला लागून असलेल्या कडेशी चालतं. तिन्ही बीटांतली अमिनो आम्लांची माळ हुबेहूब सारखी असते.

आता विषाकडे. कॅल्कॅरिस्पोरियम अर्बस्क्युला ही बुरशी मोठी विलक्षण जागा पकडते. रुसुला आणि लॅक्टेरियस या प्रजातींच्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या अळंब्यांच्या अंगात ती राहते. म्हणजे एका कवकाच्या पोटात दुसरं कवक. तिच्याकडून मिळणारा ऑरोव्हर्टिन बी हा रेणू 25 कार्बन, 32 हायड्रोजन आणि 8 ऑक्सिजन अणूंचा. त्याच्या एका टोकाला पायरोन नावाचं कडं, मध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी आणि दुसऱ्या टोकाला दोन ऑक्सिजन सामावून घेणारं दुहेरी कड्यांचं बांधकाम. मधल्या साखळीमुळे तो पिवळा दिसतो आणि अतिनील प्रकाशात झळाळतो. ही झळाळी पुढे महत्त्वाची ठरली.

या रेणूला प्रयोगशाळेचं साधन बनवण्याचं श्रेय मुख्यतः अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हेन्री लार्डी यांना जातं. 1958 पासून त्यांनी एक शोधमाला चालवली. सूक्ष्मजीवांची विषं तंतुकणिकांवर सोडायची आणि ऊर्जेची साखळी कुठल्या कडीला तुटते ते पाहायचं, ही तिची पद्धत. 1964 च्या निबंधात ऑलिगोमायसिन या विषाच्या जोडीला ऑरोव्हर्टिन आलं. हे विष घातलं की एटीपी बनवण्याशी बांधलेलं श्वसन मंदावतं. मग डायनायट्रोफिनॉल घालून ते बंधन सोडवलं की श्वसन पुन्हा सुरू होतं. याचा अर्थ विषाने श्वसनाला हात लावलेला नाही, त्याने पकडलेली आहे ती शेवटची पायरी, म्हणजे फॉस्फेट जोडण्याची. एक गोष्ट मात्र खटकत राहिली. ऑरोव्हर्टिन एटीपी बनण्याला जितकं रोखतं तितकं एटीपी तुटण्याला रोखत नाही. विकर तर एकच, मग एका दिशेला जास्त अडथळा आणि उलट दिशेला कमी, हे कसं?

1973 मध्ये चँग आणि हार्वे पेनेफ्स्की यांनी हाच रेणू वेगळ्या कामाला लावला. नुसत्या पाण्यात ऑरोव्हर्टिनची झळाळी फिकी असते. एफ-वनला चिकटल्यावर ती कितीतरी पटींनी वाढते. त्यात एडीपी घातलं की आणखी वाढते आणि एटीपी घातलं की उतरते. काचेच्या एका लहानशा चौकोनी नळीत द्रावण, त्यावर अतिनील किरण आणि कागदावर वर-खाली होणारी रेघ. या रेघेतून एवढं कळत होतं की एडीपी आणि एटीपी येता-जाता विकराचा आकार बदलतो आहे. कुठे आणि किती बदलतो, हे त्या रेघेत लिहिलेलं नव्हतं.

त्याच दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले पॉल बॉयर एक धाडसी कल्पना मांडत होते. तिन्ही बीटा एका क्षणी तीन वेगळ्या अवस्थांत असतात. एक उघडी, एक सैल, एक घट्ट. आणि प्रत्येक बीटा पाळीपाळीने तिन्ही अवस्थांतून जातो. 1994 च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये अब्राहम्स, लेस्ली, लटर आणि वॉकर यांनी एफ-वनची क्ष-किरणांनी उलगडलेली रचना छापली आणि त्या कल्पनेला आकार मिळाला. स्फटिकात तीन बीटा खरोखरच तीन तऱ्हांचे निघाले. एकात एटीपीसारखा पण न तुटणारा रेणू होता, त्याला त्यांनी बीटा-टीपी म्हटलं. दुसऱ्यात एडीपी, तो बीटा-डीपी. तिसरा रिकामा, तो बीटा-ई.

1996 चा निबंध या ठिकाणापासून सुरू होतो.

त्याच्या सारांशात सात-आठ वाक्यं आहेत. त्या वाक्यांचा क्रम हीच या लेखनाची पहिली खुबी. सुरुवात जुन्या माहितीने होते: तीन बीटा, तीन अवस्था, कुणात काय आहे. नव्या शोधाचा डंका वाजवण्याची घाई नाही. वाचकाच्या मनात तीन जागांचं चित्र पक्कं बसू दिलं जातं, कारण पुढचा सगळा अर्थ त्या तिनांमधल्या फरकावर उभा राहायचा आहे. मग एका वाक्यात शोध येतो. ऑरोव्हर्टिन दोन ठिकाणी बसतं, बीटा-टीपीत आणि बीटा-ईमध्ये, न्यूक्लिओटाइड, म्हणजे एटीपी किंवा एडीपी, धरणारा भाग आणि शेवटचा भाग यांच्यामधल्या खाचेत. म्हणजे ते एटीपीची जागा बळकावत नाही. एटीपी आपल्या जागी, विष शेजारच्या सांध्यात.

आणि लगेच पुढचं वाक्य: बीटा-डीपीत ही खाच पुरती घडलेलीच नाही, आणि विषाला तिथवर पोचताही येत नाही.

माझ्या मते सगळा निबंध या वाक्यावर तोललेला आहे. तिन्ही बीटांत अमिनो आम्लं तीच आणि त्यांचा क्रम तोच. तेव्हा विष तिघांनाही चिकटेल अशी अपेक्षा कुणीही केली असती. 1970 च्या दशकातच सुटा केलेला बीटा उपघटक ऑरोव्हर्टिनला धरतो हे दिसून आलं होतं. म्हणजे ते धरण्याची क्षमता प्रत्येक बीटात आहे. तरी पूर्ण बांधलेल्या विकरात एक बीटा विषाला जागा देत नाही. ही ताकद त्याने हरवलेली नसते. त्या क्षणी त्याचं अंग अशा रीतीने मिटलेलं असतं की खाच उरतच नाही. एका साध्या नकारातून लेखक दाखवून देतात की तिन्ही बीटा एकाच वेळी सारखे कधीच नसतात. बॉयर यांची कल्पना आकड्यांच्या मांडणीतून आली होती. इथे तिला एका विषाने अणूंच्या पातळीवर दुजोरा दिला.

दुजोऱ्याच्या पुढचा अर्थही त्याच वाक्यात दडलेला आहे. बीटा-डीपी ही सगळ्यात घट्ट मिटलेली अवस्था. विष तिच्यात मावत नाही. मग उलटं पाहा: विष ज्या बीटात आधीच बसलेलं आहे, त्याला ही घट्ट अवस्था कशी गाठता येईल? खाच मिटवायची तर आतला रेणू बाहेर जायला हवा आणि तो जात नाही. तिसऱ्या जागेतून विष गैरहजर का आहे, याचं कारण आणि उरलेल्या दोन जागांत ते काय अडवतं, याचं उत्तर, दोन्ही एकच. लेखक हे तिथल्या तिथे बोलून दाखवत नाहीत. वाचकाला ते स्वतःच्या मनात जुळवू देतात आणि शेवटच्या वाक्यापर्यंत वाट पाहतात.

दरम्यान ते एक बारकावा नोंदवतात आणि निबंधातली सर्वात सुंदर जागा मला ही वाटते. बीटा-टीपीत बसलेला ऑरोव्हर्टिन शेजारच्या अल्फातल्या 399 क्रमांकाच्या ग्लुटामिक आम्लाला स्पर्श करतो. बीटा-ईमध्ये बसलेला करत नाही, कारण तिथला अल्फा फार लांब राहिलेला असतो. रेणू तोच, खाच तीच, पण एका ठिकाणी शेजारी हाताशी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. अल्फा आणि बीटा यांच्यातली फट कुठे अरुंद, कुठे रुंद, हे एका संपर्काच्या असण्या-नसण्यावरून वाचकाला डोळ्यांपुढे दिसतं. शेकडो अमिनो आम्लांच्या या इमारतीत लेखकांनी नेमकं एक नाव निवडलं आणि त्यावरून सगळ्या सांध्याचं मोजमाप केलं. चांगल्या कथेत एकाच तपशिलातून पात्र उभं राहतं, तशी ही निवड आहे.

नंतर साक्ष येते. बीटातलं 412 क्रमांकाचं आर्जिनिन दोन्ही खाचांत आहे. त्याची कथा वेगळ्या दिशेने आलेली. ग्रेनोबलच्या मिशेल सात्र आणि पिएर व्हिन्ये यांच्याकडे ई. कोलाय जिवाणूंचे असे वाण होते की ज्यांच्या विकरावर ऑरोव्हर्टिनचा परिणाम होत नव्हता. 1989 मध्ये ॲलन सीनियर यांच्या गटाने त्यांच्या साथीने दाखवलं की या वाणांत 398 व्या जागेवरच्या आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलेलं आहे. जिवाणूतली ती जागा म्हणजेच गाईच्या विकरातलं 412 वं आर्जिनिन. एका बाजूला जिवाणूंच्या थाळ्यांवर तगलेल्या वसाहती, दुसऱ्या बाजूला क्ष-किरणांनी काढलेला नकाशा, आणि दोन्ही वाटा एकाच अमिनो आम्लापाशी येऊन मिळतात. लेखकांनी यावर एक ओळ खर्च केली आहे. ती पुरते, कारण साक्ष स्वतःच बोलते.

पुढचं वाक्य वरवर पाहता कंटाळवाणं आहे. खाचांच्या भोवती किरकोळ बदल सोडले तर विकराची रचना आधीच्यासारखीच राहिली, एवढंच ते सांगतं. घाईत वाचणारा याला वगळून पुढे जाईल. पण अर्थाच्या दृष्टीने हे फार मोठं विधान आहे. विष विकराला मोडत नाही, वाकवत नाही, कुरूप करत नाही. एका अवस्थेत स्थिर उभं राहिलेलं यंत्र विषासकट जवळजवळ जसंच्या तसं दिसतं. मग विष मारतं कशाला? एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याला. इजा आकाराला झालेली नाही, हालचालीला झाली आहे. एटीपी सिंथेजचं सगळं सामर्थ्य हालचालीत आहे, हे या ‘काही बदललं नाही’ने जितकं पटतं तितकं दहा आकृत्यांनी पटलं नसतं.

आणि मग शेवटचं वाक्य. ऑरोव्हर्टिन उत्प्रेरक सांधे मिटू देत नसावं आणि पाळीपाळीने अवस्था बदलणाऱ्या यंत्रणेसाठी ते मिटणं अत्यावश्यक आहे, असा त्याचा आशय. हे विधान छातीठोकपणे करता आलं असतं, एवढा पुरावा हाताशी होता. तरी ते सावधपणे केलेलं आहे. हा संयम मला भिडतो, कारण तो सभ्यतेच्या शिष्टाचारातून आलेला नाही. स्फटिक म्हणजे थांबलेला क्षण. थांबलेल्या क्षणावरून गतीबद्दल बोलताना किती बोलायचं हे लेखकांना ठाऊक आहे.

रसग्रहणात उणिवाही सांगायला हव्यात. या रचनेची सूक्ष्मता 3.1 अँगस्ट्रॉमची. तेवढ्यात खाचेतले बारीक बंध ठामपणे रेखता येत नाहीत. बनवणं जास्त अडतं आणि तोडणं कमी, हे लार्डींच्या काळापासूनचं कोडं या पाच पानांत सुटलेलं नाही. ते 2009 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गॅरी ग्लिक यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी पुन्हा हाती घेतलं. 1996 च्या निबंधाने रोधनाचा जो प्रकार गृहीत धरला होता त्यात त्यांनी दुरुस्ती केली: ऑरोव्हर्टिन दोन्ही दिशांना मिश्र पद्धतीने रोखतं, पण बनवण्याच्या दिशेला ते कमी मात्रेतच पकड घेतं. कितीही विष घातलं तरी एटीपी तुटणं पूर्ण बंद होत नाही. एकेका रेणूवर नजर ठेवून केलेल्या प्रयोगांत त्यांना दिसलं की विष उत्प्रेरक जागांचा परस्परांशी मेळ बिघडवतं आणि यंत्र रखडत चालतं. आणखी एक निष्कर्ष असा की एका विकरामागे ऑरोव्हर्टिनचे रेणू दोन. स्फटिकातल्या दोन खाचांचा आकडा तेरा वर्षांनी वेगळ्याच मार्गाने तसाच आला. निबंधातली एक समजूत बदलली आणि त्याचा पाया टिकला.

या निबंधाची उंची शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या निबंधामुळे जास्त कळते. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, त्याच प्रयोगशाळेने एफ्रापेप्टिन या बुरशीच्याच दुसऱ्या विषाची रचना छापली. ते खाचेत बसत नाही. ते मधल्या पोकळीत गॅमाच्या दांड्याला लागून राहतं आणि रिकाम्या बीटाला मिटू देत नाही. दोन विषं, दोन अगदी वेगळ्या जागा, आणि दोघांनी अडवलेली गोष्ट एकच: बीटाचं मिटणं. दोन्ही निबंध सोबत वाचले की यंत्राचा मर्मबिंदू सापडतो.

पुढच्या वर्षी, 1997 च्या मार्चमध्ये, जपानच्या हिरोयुकी नोजी, र्योहेई यासुदा, मासासुके योशिदा आणि काझुहिको किनोसिता यांनी गॅमाला ॲक्टिनचा चमकता धागा जोडला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना दाखवला. ज्या गतीबद्दल 1996 चा निबंध सावध बोलला होता, ती आता डोळ्यांनी दिसत होती. त्याच वर्षीच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना मिळाला, उरलेला येन्स स्कॉऊ यांना. पारितोषिकाच्या झगमगाटात लोकांना 1994 ची रचना आठवते, फिरणारा धागा आठवतो. ऑरोव्हर्टिनचा निबंध मध्येच राहून जातो. माझ्या लेखी तो या साखळीतली जोडणारी कडी आहे. 1994 ने तीन अवस्था दाखवल्या, 1997 ने फिरणं दाखवलं. त्या अवस्थांमधली वाट अडवली तर यंत्र अडतं, हे अणूंच्या पातळीवर पहिल्यांदा ऑरोव्हर्टिनच्या निबंधाने दाखवलं.

विज्ञानाचं उत्तम लेखन म्हणजे सोपं करून सांगितलेलं लेखन, अशी आपली समजूत रूढ आहे. या निबंधाने काहीही सोपं केलेलं नाही. त्याने विधानांचा क्रम योग्य लावला, एक तपशील नेमका निवडला, अभावाला पुराव्याचा मान दिला आणि शेवटी मोजून मापून बोलला. कवितेच्या रसग्रहणात आपण याच गुणांची दाद देतो, मग इथेही ती दिली पाहिजे. हा निबंध इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य वाचता येतो. जीवशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातली एटीपी सिंथेजची आकृती एकदा मिटून ठेवावी, ही पाच पानं उघडावीत आणि पहिल्याच वाचनात एक प्रश्न स्वतःला विचारावा: तिसऱ्या जागेत विष का नाही? उत्तर त्याला स्वतःला सापडलं तर पुढचा बराच अभ्यास आपोआप होईल.